अडवणाऱ्यांची नोंद कोण ठेवणार? बास्केटबॉलमधल्या एका रकान्याचा इतिहास

कागलमध्ये खेळ म्हटले की पहिल्यांदा कुस्ती आठवते. राजर्षी शाहू महाराज याच गावच्या घाटगे घराण्यातले. ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि पुढे 1912 साली खासबागचे कुस्ती मैदान उभे राहिले. त्यामुळे तालीम आणि तांबडी माती या गोष्टी इथल्या माणसाला वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. गहिनीनाथ गैबीपीरच्या उरसाचे दिवस जवळ आले की चहाच्या टपरीवरही कोण कुणाला कोणत्या डावावर चीत करणार याच्या गप्पा रंगतात.

तालमीत एक शब्द नेहमी कानावर पडतो, तोड. प्रत्येक डावाला तोड असते, असे वस्ताद सांगतात. डाव शिकवायला जेवढे दिवस जातात, तेवढेच त्याची तोड शिकवायला जातात. पण मैदान संपल्यावर लोकांच्या तोंडी राहतो तो डाव. अमक्याने तमक्याला घिस्सा मारून आस्मान दाखवले, हे पन्नास वर्षांनीही सांगितले जाते. अर्धा तास समोरच्याचा प्रत्येक डाव तोडत राहिलेल्या पैलवानाबद्दल मात्र एकच वाक्य उरते, 'कुस्ती बरोबरीत सुटली.'

हे सगळे आठवायला कारण झाले बास्केटबॉल. गेल्या थंडीत आमच्याकडच्या हौशी पोरांनी आपापसांत साखळी सामने खेळायचे ठरवले. कुणी नोकरदार, कुणी कॉलेजात, कुणी एमआयडीसीतली पाळी संपवून येणारा. मला खेळता येत नाही, म्हणून वही-पेन देऊन टेबलाशी बसवले. शेवटच्या दिवशी मी सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांची यादी वाचून दाखवली. टाळ्या पडल्या. तेवढ्यात एका उंच, अबोल मुलाने माझी वही मागून घेतली. सगळे सामने त्याने रिंगखाली उभे राहून काढले होते. समोरून उडी मारून येणाऱ्यांचे चेंडू तो वरच्या वर अडवायचा. त्याच्या संघाने जिंकलेले निदान दोन सामने त्याच्या हातांमुळे वाचले होते, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. वहीत त्याच्या नावापुढे मोजके गुण होते आणि फाऊलच्या रकान्यात भरपूर खुणा. त्याने वही परत दिली आणि एवढेच म्हणाला, "चाचा, अडवलेलं लिहीत नाहीत काय?"

खरेच, का लिहीत नाहीत? उत्तर शोधायला निघालो आणि थेट या खेळाच्या जन्मापाशी पोचलो.

पहिले तेरा नियम

बास्केटबॉलचा जन्म डिसेंबर 1891 मधला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचे शहर आहे. तिथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ हे शिक्षक होते. कडाक्याच्या थंडीत विद्यार्थ्यांना बंद सभागृहात खेळता येईल असा खेळ त्यांना हवा होता. त्यांनी सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, 13 नियम लिहून भिंतीवर लावले आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ खेळवले. पहिल्या सामन्यात एकच गोल झाला. निकाल 1-0.

या 13 नियमांत दोन पंचांची कामे वाटून दिलेली आहेत. एकाने खेळाडूंवर लक्ष ठेवायचे आणि फाऊल नोंदवायचे. दुसऱ्याने चेंडूवर लक्ष ठेवायचे आणि गोलांचा हिशेब राखायचा. म्हणजे खेळ जन्माला आला त्याच दिवशी दोन नोंदी ठरल्या, गोल आणि फाऊल. ज्याने चेंडू टोपलीत टाकला त्याचे नाव लागले. ज्याने चूक केली त्याचेही लागले. ज्याने चूक न करता समोरच्याचा गोल होऊ दिला नाही, त्याच्यासाठी मात्र कुणी लेखनिक नेमला नाही. त्या पहिल्या सामन्यात 1-0 असा निकाल लागला, म्हणजे अडवणाऱ्यांनी किती काम केले असेल याचा विचार करा!

आज सव्वाशेहून अधिक वर्षे झाली तरी आंतरराष्ट्रीय महासंघाच्या अधिकृत स्कोअरशीटचा गाभा तोच आहे. खेळाडूंची नावे, चढत जाणारे गुण, फाऊल, टाइमआऊट. ब्लॉकचा रकाना त्या कागदावर नाही. मोठ्या स्पर्धांत आकडेवारीसाठी वेगळी माणसे आणि संगणक बसवतात. गल्लीतल्या, कॉलेजातल्या, हौशी साखळीतल्या सामन्यात तो एकच कागद असतो.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. रिंगखाली उभ्या असलेल्या खेळाडूने उडी मारून चेंडू साफ अडवला, तर कागदावर काहीही उमटत नाही. त्याचा हात चेंडूऐवजी समोरच्याच्या मनगटाला लागला, तर लगेच फाऊलची खूण होते. अशा पाच खुणा झाल्या की तो सामन्याबाहेर. म्हणजे अडवणारा माणूस अधिकृत कागदावर दिसतो तो मुख्यतः चुकला तरच. आमच्या वहीत त्या मुलाचे जे झाले, ते या खेळात पहिल्यापासून चालत आले आहे.

रसेलचे ब्लॉक किती?

कुणी म्हणेल, गल्लीतल्या वहीचे एवढे काय घेऊन बसलात? पण जगातल्या सर्वांत श्रीमंत बास्केटबॉल लीगची कथाही काही वेगळी नाही.

बिल रसेल 1956 ते 1969 अशी 13 वर्षे बोस्टन सेल्टिक्सकडून खेळले आणि त्यांच्या संघाने 11 वेळा विजेतेपद पटकावले. ते गुणांचे डोंगर रचणारे खेळाडू नव्हते. त्यांची ओळख बचावाची होती. इतर खेळाडू चेंडू अडवून दूर प्रेक्षकांत भिरकावून देत आणि टाळ्या घेत. रसेल चेंडू हलक्या हाताने असा वळवत की तो आपल्याच सोबत्याच्या हातात जाई आणि तिथूनच पलटहल्ला सुरू होई. अडवणे ही सुद्धा चढाईची पहिली पायरी असते, हे त्यांनी दाखवून दिले.

मग रसेल यांनी कारकिर्दीत किती ब्लॉक केले? याचे अधिकृत उत्तर नाही. त्यांचे रिबाउंड मोजलेले आहेत, 21,620. कारण रिबाउंडची नोंद 1950-51च्या हंगामापासून ठेवली जात होती. त्यांचे प्रतिस्पर्धी विल्ट चेंबरलेन यांचे रिबाउंडही मोजलेले आहेत, 23,924. ब्लॉकचा रकाना मात्र एनबीएने उघडला तो 1973-74च्या हंगामात. तोवर रसेल निवृत्त होऊन चार वर्षे लोटली होती आणि चेंबरलेन यांचाही शेवटचा हंगाम नुकताच संपला होता. बचावाच्या कलेतली दोन सर्वांत मोठी नावे त्या यादीत शून्यावरसुद्धा नाहीत. ती यादीतच नाहीत.

रकाना उघडल्यावर काय झाले पाहा. 28 ऑक्टोबर 1973 रोजी, हंगाम नुकता सुरू झालेला असताना, लॉस एंजेलिस लेकर्सच्या एल्मोर स्मिथ यांनी पोर्टलँडविरुद्ध एकाच सामन्यात 17 ब्लॉक केले. तो विक्रम आजही कायम आहे. त्या हंगामात त्यांच्या नावावर 393 ब्लॉक लागले आणि ते पहिले अधिकृत अव्वल ब्लॉकर ठरले. यात स्मिथ यांची कर्तबगारी निर्विवाद आहे. पण त्यांच्या आधी कुणी 18 केले नसतील, असे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. विक्रम हा नोंदीचा असतो. नोंद नसलेल्या काळाबद्दल तो काही बोलत नाही.

करीम अब्दुल-जब्बार यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. ते 1969 साली लू अल्सिंडर या नावाने एनबीएत आले. 1971 मध्ये त्यांच्या मिलवॉकी संघाने विजेतेपद मिळवले आणि त्याच वर्षी त्यांनी आपले मुस्लिम नाव जाहीरपणे स्वीकारले. त्यांच्या नावावर 3,189 ब्लॉक आहेत, पण ते 1973 नंतरचे. तारुण्यातली पहिली चार वर्षे, ज्यात ते लू अल्सिंडरचे करीम झाले, त्या रकान्यात कोरी आहेत.

हकीम यांची वही

या यादीत आज सर्वांत वर नाव आहे हकीम ओलाजुवान यांचे. एकूण 3,830 ब्लॉक. दुसऱ्या क्रमांकावरचे डिकेम्बे मुटोम्बो 3,289 वर थांबले. करीम तिसरे.

हकीम नायजेरियातील लागोस शहरातले. जन्म 1963 चा. लहानपणी ते हँडबॉल खेळायचे आणि फुटबॉलमध्ये गोलकीपर असायचे. बास्केटबॉल त्यांच्या हाती आला तो किशोरवयात, बराच उशिरा. कोल्हापूरच्या वाचकाला यातली गंमत लगेच कळेल. पाटाकडील आणि दिलबहार तालमींचे फुटबॉल सामने पाहत वाढलेल्यांना गोलकीपरची नजर म्हणजे काय ते ठाऊक असते. चेंडू पायातून सुटण्याआधीच तो कुठे जाणार याचा अंदाज घेणे, पाय हलके ठेवणे, झेप योग्य क्षणापर्यंत रोखून धरणे. हकीम यांनी हेच कसब रिंगखाली आणले. 1994 आणि 1995 अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांनी ह्यूस्टन रॉकेट्सला विजेतेपद मिळवून दिले. 1993-94च्या हंगामात तर सर्वोत्तम खेळाडू, सर्वोत्तम बचावपटू आणि अंतिम फेरीतला सर्वोत्तम खेळाडू हे तिन्ही मान त्यांना मिळाले.

मुस्लिम वाचकांना त्यांची आणखी एक गोष्ट माहीत असते. ते रमजानमध्ये रोजे ठेवून सामने खेळायचे. 1995 साली रमजान फेब्रुवारीच्या सुरुवातीला लागला आणि त्या फेब्रुवारीतले सर्वोत्तम खेळाडू हकीमच ठरले. पण मला त्यांची दुसरी एक घटना जास्त मोलाची वाटते, कारण ती थेट वहीशी संबंधित आहे.

3 मार्च 1990 रोजी गोल्डन स्टेटविरुद्धच्या सामन्यात हकीम यांनी 29 गुण, 18 रिबाउंड आणि 11 ब्लॉक अशी कामगिरी केली. असिस्ट होते 9. आणखी एक असता तर चारही रकान्यांत दोन आकडी संख्या आली असती. असा पराक्रम तोवर फार थोड्यांनी केला होता. सामन्यानंतर त्यांच्या संघाने चित्रफीत पुन्हा पाहिली आणि एक राहिलेला असिस्ट सापडल्याचे सांगून आकडा 10 केला. लीगने ती दुरुस्ती फेटाळली. पुढे त्याच महिन्यात, 29 मार्चला, हकीम यांनी मिलवॉकीविरुद्ध 18 गुण, 16 रिबाउंड, 11 ब्लॉक आणि 10 असिस्ट करून तो पराक्रम निर्विवाद नोंदवला.

या घटनेतून दोन धडे मिळतात. पहिला, नोंद नसेल तर कर्तृत्व विरून जाते. दुसरा, नोंद ठेवणारा आपल्या माणसासाठी आकडा फुगवू लागला तर त्या वहीची किंमत राहत नाही. हकीम यांचा 29 मार्चचा पराक्रम आज कुणी नाकारत नाही, कारण 3 मार्चचा दावा नाकारण्याइतकी ती व्यवस्था कडक होती.

नागपाड्याचे मैदान

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. भारतात हा खेळ वायएमसीएच्या मार्फत रुजला. 1920 साली हॅरी क्रो बक यांनी मद्रासमध्ये शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले आणि तिथे तयार झालेल्या शिक्षकांनी तो ठिकठिकाणी नेला. 1934 मध्ये दिल्लीत पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. 1950 मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघ स्थापन झाला.

महाराष्ट्रात या खेळाची एक मोठी परंपरा ज्या वस्तीत वाढली, तिचे नाव ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. ती वस्ती म्हणजे मुंबईतला नागपाडा. 1920च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनने कामगारांच्या या दाट वस्तीत 'नागपाडा नेबरहूड हाऊस' ही संस्था उभी केली. तिचे सूत्रधार होते क्लिफर्ड मॅन्शार्ट. 1936 साली त्यांच्याच संचालकत्वाखाली याच ठिकाणी समाजकार्य शिकवणारी टाटांची शाळा सुरू झाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. वस्तीतल्या पोरांना खेळाकडे वळवणे हा त्या काळच्या समाजकार्याचा भाग होता. पुढे बच्चूखान मैदान आणि मस्तान तलावाच्या वायएमसीएचे मैदान ही बास्केटबॉलची ठिकाणे झाली. दाटीवाटीच्या, मुख्यतः मुस्लिम मोहल्ल्यातली पोरे तिथे खेळत मोठी झाली आणि राज्याच्या व देशाच्या संघांपर्यंत पोचली. याच मातीतले अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले आणि 1970 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

कर्णधाराचे नाव राहिले. राहायलाच हवे. पण बास्केटबॉल पाच जणांचा खेळ आहे. त्या मैदानांवर संध्याकाळच्या सामन्यांत रिंगखाली उभे राहून चेंडू अडवणारे जे होते, त्यांच्यासाठी त्या काळच्या स्कोअरशीटवर रकानाच नव्हता. तो एनबीएतही नव्हता, तर नागपाड्यात कुठून असणार? त्यांच्या उड्या ज्यांनी पाहिल्या, त्यांच्या आठवणीतच त्या जगल्या. ती माणसे आता वयाने थकली आहेत. एकेक जण जातो, तेव्हा त्याच्यासोबत एक न लिहिलेली वही जाते.

इथे मला आणखी एक गोष्ट जाणवते. वस्तीचीही एक स्कोअरशीट असते. नागपाड्याचे नाव वर्तमानपत्रांत बहुतेकदा गुन्ह्याच्या बातमीत येते. म्हणजे फाऊलच्या रकान्यात. रोज संध्याकाळी त्याच वस्तीतल्या किती मुलांना मैदानाने वाईट वाटेवरून अडवले, याचा रकाना कुणाकडेच नाही. जे घडू दिले नाही त्याची बातमी होत नाही. याला नेहमीच कुणाचा तरी डाव कारणीभूत असतो असे नाही. घडलेली गोष्ट दिसते, टळलेली गोष्ट दिसत नाही, हा माणसाच्या नजरेचा दोष आहे. पण त्या दोषाची किंमत काही वस्त्यांना इतरांपेक्षा जास्त मोजावी लागते, हेही तितकेच खरे.

म्हणून तक्रार करत बसण्यापेक्षा रकाना आखणे मला जास्त महत्त्वाचे वाटते. एनबीएने तो 1973 साली आखला, आपणही आखू शकतो.

नोंद कशी ठेवावी

हौशी साखळीत ब्लॉक मोजणे अवघड नाही. बचाव करणाऱ्याचा हात चेंडूला स्पष्ट लागला, त्यामुळे शॉटची दिशा बदलली आणि तो शॉट चुकला, तर तो ब्लॉक. हात लागूनही चेंडू रिंगमधून गेला, तर ब्लॉक नाही. चेंडू वरून खाली रिंगकडे येत असताना अडवला, तर तो नियमभंग आहे आणि गोल धरला जातो. हा नियमही अडवणाऱ्यांमुळेच आला. 1940च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये जॉर्ज मायकन आणि बॉब कर्लंड हे दोन उंच खेळाडू रिंगजवळ उभे राहून खाली येणारे चेंडू सर्रास उडवून लावू लागले. शेवटी त्यांना आवरायला 1944 साली नियम बदलावा लागला. त्यांच्या बचावाचे मोजमाप ठेवले गेले नाही, पण त्याला बंदी मात्र लिखित स्वरूपात घातली गेली!

आकड्यांची मर्यादाही लक्षात ठेवावी. यूटा जॅझचे मार्क ईटन यांनी 1984-85च्या हंगामात 456 ब्लॉक केले. एका हंगामातला हा विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. एकेकाळी मोटारगाड्या दुरुस्त करणारा हा सव्वासात फुटांहून उंच माणूस रिंगखाली उभा असला की समोरचे खेळाडू आत शिरण्याआधी दोनदा विचार करत. त्यांच्या भीतीने जे शॉट घेतलेच गेले नाहीत, ते 456 मध्ये धरलेले नाहीत. रकाना आखला तरी काही गोष्टी त्याच्या बाहेर राहणारच. शिवाय आकड्याच्या मोहाने पोरे प्रत्येक चेंडूवर उड्या मारू लागली तर फाऊल वाढतील आणि संघ हरेल. म्हणून ब्लॉकच्या शेजारीच फाऊलही मांडावेत आणि अडवलेला चेंडू आपल्या संघाला मिळाला की नाही, तेही टिपावे. रसेल यांचे मोठेपण त्या शेवटच्या खुणेत होते.

आणि नोंद करणारा दोन्ही संघांना सारखाच परका असावा. ते जमत नसेल, तर दोन्हीकडचा एकेक बसवावा आणि दोघांचे आकडे जुळले तरच वहीत चढवावे.

शेवटी

वाचकांपैकी कुणी नागपाड्यात, मस्तान तलावावर किंवा गावाकडच्या कुठल्या शाळेच्या मैदानावर खेळले असतील, कुणाच्या घरात जुनी स्कोअरशीट, संघाचा फोटो पडून असेल, तर एक काम करावे. त्या फोटोत जे मागच्या रांगेत उंच उभे आहेत, त्यांची नावे मागच्या बाजूला लिहून ठेवावीत. सोबत खेळलेले कुणी हयात असतील तर त्यांना विचारून लिहावे, की रिंगखाली कोण उभे राहायचे. इतिहास लिहायला नेहमीच दस्तऐवजखाना लागतो असे नाही. कधी कधी फोटोची मागची बाजू पुरते.

आमच्या साखळीचा यंदाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होईल. नवी वही आणली आहे. गुण आणि फाऊल यांच्यामध्ये पट्टी ठेवून एक उभी रेघ ओढली आणि वर लिहिले, 'अडवले'. त्या मुलाला अजून सांगितलेले नाही. पहिल्या सामन्यानंतर वही त्याच्या हातात देईन.